तहकूब सभेला कोरम लागत नाही

पहिल्या सभेला सतरा माणसं आली,
त्यातली दोन सावलीसाठी.
भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं, बंद पंखा बघितला
आणि लिहिलं : कोरमअभावी तहकूब.

तहकूब सभेला कोरम लागत नाही.
हे शेवरेवाडीत तिघांना माहीत आहे.
मी चौथा. शिपाई.
रजिस्टर काखेत मारून दारोदार सह्या गोळा करणारा.

सभा उद्या असली तरी ठराव आत झालेला असतो.
ठराव क्रमांक चार : वेशीवर स्वागत कमान,
सर्वानुमते मंजूर.
अर्धे पैसे कोइमतूरच्या गलाईवाल्यांनी कबूल केलेत,
अर्धे गावच्या आराखड्यातून.
कमानीवर दोन हत्ती आहेत.

वीस वर्षं मी म्हणत आलो, "हितं सही करा,"
आणि माणसं विचारत आली, "कुठं?"
फक्त कुठं.

काल हौसाक्का खरात शेळीची धार काढत होती,
शेळीचा पाय गुडघ्यात धरून.
म्हणाली, "अंगठा देते. पर आदी वाच."
"काय वाचायचंय त्यात?"
"ते मला काय ठावं? वाचाय तुला येतंय."

वाचलं.
माझाच आवाज मला परका वाटला.
सभेत मी कधी बोललो नाही, चहा दिलाय.

"ओढ्याला पाणी आलं की पोरं पल्याडच ऱ्हात्यात,"
हौसाक्का म्हणाली,
"त्यास्नी तुझं हत्ती उचलून आणत्यात व्हय?
लिव. साकव."

मी म्हणालो, मला लिहायचा अधिकार नाही.
"आन मला अंगठा द्यायचा हाय?"

समासात लिहिलं, पेन्सिलीनं, बारीक :
साकव.
मग तिनं अंगठा दिला. दुधानं ओला.
अर्धाच उमटला.

बातमी माझ्या सायकलीच्या पुढं पळाली.
रजाक मुलाणी पंक्चर काढता काढता म्हणाला,
"कब्रस्तानच्या वाटेला दिवा लिहा.
अब्बांना मोबाइलच्या उजेडात नेलंय आम्ही."
ताईबाई सकटे म्हणाली,
"आमच्या आळीला पाइप आलाय.
पाइप लिवू नगंस, पाणी लिव."
तुप्यांच्या सुनेनं दार लावून घेतलं,
मग खिडकीतून हळूच :
शाळेच्या संडासाला आतून कडी.
एकानं शेजाऱ्याचा बांध लिहायला लावला.
लिहिला, खोडला,
तो बघत होता म्हणून परत लिहिला.

आणि दादासो, सुट्टीवर आलेला,
ॲसिडनं बोटं पिवळी पडलेला, म्हणाला,
"मला कमानच पायजे.
तिकडं एका खोलीत बारा जण झोपतो आम्ही.
गावाचं नाव कुठंतरी मोठ्या अक्षरात असावं,
एवढंच."
पेन्सिल त्याच्याच हातात दिली.
त्यानं खरंच मोठ्या अक्षरात लिहिलं.

दिवेलागणीला भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं.
समास भरलेला, दोन ओळींमधली जागा भरलेली,
"सर्वानुमते" या शब्दाला चारी बाजूंनी माणसं चिकटलेली.
"मदने, आता सह्या कुठं घ्यायच्या?"
वीस वर्षांनी कुणीतरी मला विचारलं,
कुठं.

"सभा झाली, साहेब," मी म्हणालो.
"कुठं झाली? कोण हजर होतं?"
मी मोजलं नव्हतं.
पोटऱ्या दुखत होत्या, तेवढाच हिशेब.

त्यांनी खोडरबर शोधलं.
ड्रॉवरमध्ये शिक्के निघाले, बिनशाईचं पॅड,
मागच्या आराखड्याची न उघडलेली गुंडाळी.
खोडरबर नव्हतं.

आज सकाळी कार्यालयासमोर चपला.
पायरीवर, पायरीखाली, पार टाकीपर्यंत.
ठराव होईल का, कमान होईल का, मला माहीत नाही.
हौसाक्का शेळीसकट आलीय.
भाऊसाहेब म्हणाले, "शेळी बाहेर."
ती म्हणाली, "तहकूब सभा न्हवं ही?
हिला कोण बी चालतंय म्हणं."

मी चहाचं आधण ठेवलं.
कप सतराच आहेत.